वृद्धाश्रमातील सामूहिक चित्रपट प्रदर्शन : आवश्यकता, स्वरूप आणि कार्यपद्धती

प्रस्तावना :

वार्धक्य ही मानवी जीवनातील अटळ अवस्था आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते. संयुक्त कुटुंबाचे विघटन, नोकरीनिमित्त होणारे स्थलांतर आणि शेतीचे तुकडे होणे यांमुळे वृद्धाश्रम ही संस्था आता केवळ मोठ्या शहरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. महाराष्ट्र शासनाने १९९५ मध्ये 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आणली. त्यानंतर स्वयंसेवी संस्थांचे वृद्धाश्रमही जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी उभे राहिले. या संस्थांमध्ये अन्न, निवारा आणि औषधोपचार यांची व्यवस्था बहुधा असते. मात्र दुपारच्या जेवणापासून सायंकाळच्या हरिपाठापर्यंतचा वेळ निवासींनी कसा घालवावा, या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

महाविद्यालये आणि वृद्धाश्रम यांचा संबंध आपल्याकडे प्रामुख्याने एका दिवसाचा असतो. १ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन आला की राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी वृद्धाश्रमात जातात, फळवाटप होते, छायाचित्रे घेतली जातात आणि अहवाल तयार होतो. या उपक्रमामागील सद्भावनेविषयी शंका नाही. परंतु उरलेल्या ३६४ दिवसांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. दरमहा एक सामूहिक चित्रपट प्रदर्शन हे या प्रश्नाचे एक साधे, अल्पखर्चिक आणि ग्रामीण महाविद्यालयास सहज पेलण्याजोगे उत्तर आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

उद्दिष्टे :

१) वृद्धाश्रमातील मनोरंजनाचे कायदेशीर व सामाजिक स्थान स्पष्ट करणे.
२) दूरदर्शन संच पाहणे आणि सामूहिक चित्रपट प्रदर्शन यांतील फरक विशद करणे.
३) चित्रपटाची निवड, प्रदर्शनहक्क, बैठक व्यवस्था आणि प्रदर्शनोत्तर संवाद यांविषयी व्यवहार्य कार्यपद्धती मांडणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेख वर्णनात्मक स्वरूपाचा आहे. संबंधित अधिनियम, मराठी चित्रपटाचा इतिहास आणि वार्धक्यविषयक मान्यताप्राप्त विचार यांचा आधार घेतला असून विद्यार्थ्यांसमवेत घेतलेल्या काही प्रदर्शनांच्या वेळी केलेल्या निरीक्षणांची त्यास जोड दिली आहे. संख्यात्मक सर्वेक्षण केलेले नसल्याने टक्केवारी दिलेली नाही.

१. मनोरंजन : उपकार की हक्क?

'माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७' मुख्यतः मुलांकडून मिळावयाच्या निर्वाहभत्त्यासाठी ओळखला जातो. त्यातील कलम १९ कडे मात्र अभ्यासकांचे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, १५० व्यक्तींची सोय असणारा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने स्थापन करावा, असे या कलमात सुचविले आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनासाठी योजना विहित करण्याची तरतूद आहे. तीत द्यावयाच्या सेवांचा उल्लेख करताना वैद्यकीय देखभालीसोबत 'मनोरंजनाची साधने' हे शब्द आले आहेत.

ही तरतूद राज्य शासनास अधिकार देणारी आहे, सक्ती करणारी नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही औषध आणि मनोरंजन यांना कायद्याने एकाच वाक्यात स्थान द्यावे, ही बाब महत्त्वाची आहे. वृद्ध व्यक्ती म्हणजे केवळ सांभाळावयाचे शरीर नसून तिला अभिरुची, स्मृती आणि मत असते, याची ही कबुली होय. म्हणून चित्रपट दाखविणे हा निवासींवर केलेला उपकार समजू नये. तो त्यांच्या सन्मानपूर्वक जगण्याचा एक भाग समजावा.

२. दूरदर्शन संच आणि सामूहिक प्रदर्शन यांतील फरक :

"आमच्या हॉलमध्ये टीव्ही आहेच की," असे उत्तर व्यवस्थापकांकडून अनेकदा मिळते. परंतु दिवसभर चालू असणारा टीव्ही कोणी पाहतोच असे नाही. वाहिनी कोणती लावावी हे ज्याच्या हाती रिमोट तो ठरवितो. ऐकू कमी येणारे मागे बसतात, काही जण समोर बसूनच झोपी जातात. चालू टीव्हीमुळे खोलीत आवाज असतो, संवाद मात्र नसतो.

सामूहिक प्रदर्शनाचे स्वरूप वेगळे आहे. त्याला ठरलेला वार, ठरलेली वेळ, निवडलेला चित्रपट, मध्यंतर आणि शेवट असतो. 'येत्या शनिवारी सिनेमा आहे' या वाक्याने आठवड्याला आकार येतो. पुढच्या दिवसाची वाट पाहणे ही सामान्य माणसाच्या जगण्यातील क्षुल्लक वाटणारी गोष्ट वृद्धाश्रमात दुर्मीळ असते. कोणी ठेवणीतले लुगडे नेसते, कोणी शेजारच्या खाटेवरील व्यक्तीसाठी जागा धरते. या लहान कृतींमधूनच एकत्र राहणाऱ्या माणसांचा समूह घडतो.

मराठी माणसाच्या सामूहिक पाहण्याच्या परंपरेशीही हे सुसंगत आहे. जत्रेतील तंबूचा सिनेमा आणि केंद्र शासनाच्या क्षेत्रीय प्रचार विभागाच्या गाडीने गावात पांढऱ्या पडद्यावर दाखविलेले बोलपट ही आजच्या अनेक ज्येष्ठांची चित्रपटाशी झालेली पहिली ओळख आहे. महाराष्ट्रातील फिरत्या चित्रपटगृहांवरील 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटाची २०१६ मध्ये कान चित्रपट महोत्सवात दखल घेतली गेली, ती याच मावळत्या परंपरेची होती. ज्यांनी जमिनीवर बसून, पडद्याच्या दोन्ही बाजूंनी सिनेमा पाहिला, त्यांच्यासाठी चित्रपट ही एकट्याने पाहण्याची वस्तू कधीच नव्हती.

३. स्मृती आणि चित्रपट :

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये 'जीवनपुनरावलोकन' ही संकल्पना मांडली. म्हातारी माणसे जुन्या गोष्टी पुनःपुन्हा सांगतात ते मनाच्या दुर्बलतेमुळे नव्हे. आपल्या आयुष्याचा हिशेब लावण्याची ती स्वाभाविक प्रक्रिया असते, असा तिचा आशय आहे. पुढे स्मृतीविषयक अभ्यासातून आणखी एक बाब पुढे आली. साधारणतः वयाच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधील घटना उतारवयात अधिक प्रमाणात आठवतात. त्या काळात ऐकलेली गाणी व पाहिलेली दृश्ये या आठवणींना वाट करून देतात.

येथे आयोजकांकडून एक चूक वारंवार होते. 'म्हातारी माणसे म्हणजे जुना संतपट' असे सरसकट समीकरण मांडले जाते. प्रत्यक्षात १९५५ मध्ये जन्मलेली व्यक्ती 'पिंजरा' (१९७२) प्रदर्शित झाला तेव्हा सतरा वर्षांची होती. दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' (१९७१), 'जय संतोषी माँ' आणि 'शोले' (दोन्ही १९७५) हे तिच्या तारुण्यातील चित्रपट होत. 'संत तुकाराम' (१९३६) हा तिच्या आईवडिलांच्या पिढीचा चित्रपट आहे. तो तिला आवडणार नाही असे नाही. परंतु तिच्या आठवणींचा तो चित्रपट आहे असे गृहीत धरता येत नाही. म्हणून निवासींचे जन्मवर्ष विचारून त्यात दहा ते तीस मिळवावे व त्या वर्षांतील चित्रपटांची यादी करावी, हा साधा हिशेब उपयुक्त ठरतो.

ग्रामीण मराठवाड्यात आणखी एका वास्तवाचे भान ठेवणे आवश्यक आहे. येथील अनेक वृद्ध स्त्रियांना तरुणपणी चित्रपटगृहात जाण्याची मुभाच नव्हती. त्यांना गाणी ठाऊक आहेत ती आकाशवाणीमुळे. त्या गाण्यांचा चित्रपट त्यांनी पाहिलेला नाही. अशा स्त्रीसाठी हे प्रदर्शन स्मरणरंजन नसते. आयुष्यभर राहून गेलेली एक गोष्ट तिला सत्तराव्या वर्षी प्रथमच मिळत असते.

४. चित्रपटाची निवड : एक अनुभव

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांसमवेत मराठवाड्यातील एका वृद्धाश्रमात प्रथमच चित्रपट दाखविला. 'विषयाशी सुसंगत' म्हणून विद्यार्थ्यांनी 'बागबान' (२००३) निवडला आणि लेखकानेही त्यास संमती दिली. म्हाताऱ्या आईवडिलांची मुलांनी आपसांत वाटणी करून घेतल्याची ती कथा. मध्यंतरापूर्वीच एक आजी उठल्या. "काय झालं आजी?" असे विचारता त्या म्हणाल्या, "लेकरा, हे तर आमचंच हाय. आमचंच आम्हाला कशाला दाखवायलास?" उरलेला चित्रपट पूर्ण झाला; परंतु त्यानंतर कोणीही काही बोलले नाही. विद्यार्थ्यांचे डोळे पाणावले होते. ज्यांच्यासाठी चित्रपट आणला, ते मात्र भिंतीकडे तोंड करून आपापल्या खाटेवर पडून होते.

या प्रसंगातून लक्षात आले ते असे की, चित्रपटाची निवड आम्ही आमच्या करुणेसाठी केली होती, त्यांच्या आनंदासाठी नव्हे. 'नटसम्राट' (नाटक १९७०, चित्रपट २०१६) किंवा 'मोलकरीण' (१९६३) या श्रेष्ठ कलाकृती आहेत, याबद्दल दुमत नाही. निवासींनी स्वतः मागितल्यास त्या अवश्य दाखवाव्यात. परंतु पहिल्याच भेटीत, न विचारता, त्यांच्या दुःखाची प्रतिमा त्यांच्यासमोर उभी करू नये. अशा चित्रपटांचा खरा प्रेक्षक महाविद्यालयाच्या सभागृहात बसलेला आहे.

याउलट वृद्ध व्यक्ती केवळ दयेचा विषय नसून कथेची कर्ती आहे, असे चित्रपट निवडावेत. प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित 'शेजारी' (१९४१) हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्यातील हिंदू व मुस्लिम शेजारी ही प्रौढ वयाची माणसे कथेच्या केंद्रस्थानी आहेत. हाच चित्रपट 'पडोसी' या नावाने हिंदीतही निघाला. मराठी आणि दखनी बोलणारे निवासी एकाच छताखाली असणाऱ्या मराठवाड्यातील वृद्धाश्रमात ही दुहेरी सोय फार मोलाची ठरते. विनोदी चित्रपटही आवर्जून घ्यावेत. पु. ल. देशपांडे यांचा 'गुळाचा गणपती' (१९५३) किंवा राजा परांजपे यांचा 'लाखाची गोष्ट' (१९५२) पाहताना एकत्र हसणे हे एकत्र रडण्याइतकेच माणसांना जवळ आणते.

निवडीचा अधिकार अंतिमतः निवासींकडे असावा. तीन चित्रपटांची नावे सांगून, प्रत्येकातील एक गाणे ऐकवून, हात वर करून मत घ्यावे. अक्षरओळख नसणाऱ्यांनाही या पद्धतीत समान स्थान मिळते. तसेच न येण्याचा अधिकारही मान्य करावा. कोणासही खाटेवरून उठवून पडद्यासमोर बसवू नये.

५. प्रदर्शनहक्काचा प्रश्न :

'तिकीट लावलेले नाही, मग परवानगी कशाला?' हा समज प्राध्यापक वर्गातही प्रचलित आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थांना चित्रपट दाखविण्याची सवलत आहे; परंतु तेथे प्रेक्षक हे त्या संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती यांच्यापुरते मर्यादित आहेत. महाविद्यालयाला मिळालेली ही सवलत वृद्धाश्रमाच्या सभागृहात आपोआप लागू होते, असे मानता येत नाही. ओटीटी सेवेचे वैयक्तिक सदस्यत्वही सामान्यतः घरगुती वापरापुरतेच असते.

यातून मार्ग आहे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षाच्या प्रारंभापासून साठ वर्षे टिकतो. त्यानुसार १९५३ मधील 'श्यामची आई' या चित्रपटाची मुदत २०१३ अखेर, तर १९६४ मधील चित्रपटांची मुदत २०२४ अखेर संपली. १९५४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळविणारा 'श्यामची आई', अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९), राजा परांजपे यांचा 'जगाच्या पाठीवर' (१९६०) असे अनेक चित्रपट या मर्यादेत येतात. मात्र कथा, पटकथा व गीते यांचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतात, हेही लक्षात घ्यावे. नंतरच्या काळातील चित्रपटांसाठी निर्मात्यास वा हक्कधारकास महाविद्यालयाच्या पत्रावर, प्रयोजन स्पष्ट करून, लेखी विनंती करावी. पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहे. जुन्या चित्रपटांविषयी माहिती घेण्यासाठी तेथेही पत्रव्यवहार करता येतो.

६. प्रत्यक्ष व्यवस्था :

अ) वेळ : दुपारची विश्रांती झाल्यावर साडेतीनच्या सुमारास प्रारंभ करावा आणि अंधार पडण्यापूर्वी समाप्ती व्हावी. मधुमेहाच्या रुग्णांच्या औषध-जेवणाच्या वेळा परिचारिकेकडून आधी विचारून घ्याव्यात. 'संत तुकाराम' सारखा चित्रपट दोन तासांहून थोडा मोठा आहे. तासाभरानंतर पंधरा मिनिटांचे मध्यंतर अनिवार्य समजावे. लघवीच्या औषधांवर असणाऱ्या व्यक्तींना संकोचाने बसून राहावे लागू नये. चित्रपट दोन दिवसांत विभागून दाखविण्यासही हरकत नाही.

आ) प्रकाश व पडदा : साठीतील व्यक्तीच्या नेत्रपटलापर्यंत विशीतील व्यक्तीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून प्रोजेक्टरचे चित्र शक्य तितके उजळ असावे आणि खिडक्यांना जाड पडदे लावावेत. मात्र पूर्ण काळोख करू नये. वृद्धांच्या डोळ्यांना अंधाराशी जुळवून घेण्यास वेळ लागतो आणि अंधारात उठताना पडण्याचा धोका असतो. दाराकडे जाणाऱ्या वाटेवर एक मंद दिवा असावा. प्रोजेक्टरची वायर चालण्याच्या मार्गातून नेऊ नये.

इ) ध्वनी : वार्धक्यात प्रथम उच्च पट्टीतील ध्वनी ऐकू येईनासे होतात. त्यामुळे स, श, त, थ यांसारखी व्यंजने निसटतात व 'आवाज येतो पण शब्द कळत नाहीत' अशी तक्रार होते. केवळ आवाज वाढविल्याने ती दूर होत नाही. ध्वनिवर्धक श्रोत्यांच्या जवळ, कानाच्या उंचीवर ठेवावेत, खर्ज कमी करावा आणि खडखडणारा पंखा शक्य असल्यास बंद ठेवावा. जुन्या चित्रपटांच्या काही प्रतींतील ध्वनी अस्पष्ट असतो. म्हणून प्रत आधी पूर्ण पाहून घ्यावी.

ई) बैठक : हात टेकता येतील अशा खुर्च्या, पाठीला उशी आणि चाकाच्या खुर्चीसाठी पुढील रांगेच्या कडेला मोकळी जागा असावी. वीस ते तीस प्रेक्षक ही संख्या संवादाच्या दृष्टीने सोयीची असते. वीजपुरवठा खंडित होण्याची शक्यता धरून इन्व्हर्टरची व्यवस्था पाहावी. ती नसल्यास त्या वेळात गाणी म्हणण्याची तयारी विद्यार्थ्यांनी ठेवावी.

उ) छायाचित्रे : प्रदर्शनाच्या वेळी मोबाइलवर छायाचित्रण करू नये. वृद्धाश्रमात राहत असल्याचे गावाकडे कळू नये, अशी काही निवासींची इच्छा असते. अहवालासाठी रिकाम्या सभागृहाचे एक छायाचित्र पुरेसे आहे.

७. प्रदर्शनोत्तर संवाद :

चित्रपट संपला की प्रोजेक्टर आवरून निघून जाणे म्हणजे अर्धे काम सोडून जाणे होय. चहा देत खुर्च्या वर्तुळात मांडाव्यात. 'या चित्रपटातून आपण काय बोध घेतला?' हा परीक्षेतील प्रश्न येथे विचारू नये. 'तुम्ही पहिला सिनेमा कुठे पाहिला? सोबत कोण होते? घरी सांगून गेला होता का?' असे प्रश्न माणसाला बोलते करतात. 'संत तुकाराम' मधील जिजाई ही या दृष्टीने विलक्षण व्यक्तिरेखा आहे. नवरा विठ्ठलात रमलेला आणि घरात दाणा नाही, म्हणून ती संतापते. 'जिजाईचे चुकले का?' एवढाच प्रश्न विचारला असता एरवी न बोलणाऱ्या स्त्रियाही तावातावाने बोलू लागतात, असा लेखकाचा अनुभव आहे. ही भक्तिपटावरील चर्चा राहत नाही; पन्नास वर्षांच्या संसाराचा तो ताळेबंद ठरतो.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीने वर्ष वा नाव चुकीचे सांगितल्यास ते दुरुस्त करू नये. तपशील हरवला तरी भावना खरी असते. एखाद्यास रडू आले तर घाईने विषय बदलू नये. शेजारी बसावे, हवे असल्यास बाहेर न्यावे आणि निघण्यापूर्वी परिचारिकेस त्याची कल्पना द्यावी. डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंशावरील 'अस्तु' या चित्रपटाचे प्रयोग चर्चेसह घेऊन चित्रपट व मानसिक आरोग्य यांचा जो दुवा जोडला, तो या संदर्भात अभ्यासण्याजोगा आहे. असा चित्रपट प्रथम कर्मचारी व विद्यार्थी यांना दाखविणे अधिक हितकारक ठरेल.

८. पुसेगावच्या संदर्भात :

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. सेनगाव तालुक्यातील पुसेगावसारख्या गावात वृद्धाश्रमात जाणे आजही कमीपणाचे मानले जाते. परंतु मुले पुण्या-मुंबईस वा ऊसतोडीस गेल्यावर घर राखत बसलेले वृद्ध येथेही आहेत. भिंती स्वतःच्या असल्या तरी दुपार तितकीच लांब असते. म्हणून वर मांडलेली कार्यपद्धती वृद्धाश्रमापुरती मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. मंदिराचा सभामंडप, ग्रामपंचायतीचे सभागृह किंवा शाळेची एक खोली, महाविद्यालयाचा एक प्रोजेक्टर आणि चार विद्यार्थी एवढ्या बळावर ती गावातही राबविता येईल. एकत्र पाहण्याची ही सवय गावातच लागली, तर पुढे वृद्धाश्रमात जाण्याची वेळ आलेल्या व्यक्तीलाही तेथे एक ओळखीची गोष्ट सापडेल.

निष्कर्ष :

१) वृद्धाश्रमातील मनोरंजन ही कायद्याने दखल घेतलेली गरज असून ती ऐच्छिक दानधर्माची बाब मानणे योग्य नाही.
२) टीव्ही उपलब्ध असणे म्हणजे सामूहिक प्रदर्शन नव्हे, निश्चित वेळ, निवड आणि संवाद हे त्याचे आवश्यक घटक आहेत.
३) चित्रपटाची निवड निवासींच्या वयावर, भाषेवर व इच्छेवर आधारलेली असावी, आयोजकांच्या करुणेवर नव्हे.
४) साठ वर्षांची मुदत पूर्ण झालेले चित्रपट हा सुरुवातीचा सोयीचा मार्ग असून इतर चित्रपटांसाठी लेखी परवानगी घ्यावी.
५) वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमापेक्षा दरमहा होणारे लहान प्रदर्शन अधिक उपयुक्त आहे.

समारोप :

'बागबान' च्या वेळी उठून गेलेल्या त्या आजींना पुढील महिन्यात आम्ही कोणता सिनेमा आणावा असे विचारले. त्यांनी दादा कोंडके यांचे नाव घेतले आणि पदर तोंडाला लावून हसल्या. तारुण्यात तो सिनेमा पाहण्यास घरातून परवानगी नव्हती, असे त्यांनी सांगितले. परवानगीचे पत्रव्यवहार होण्यास काही अवधी लागला. परंतु चित्रपट दाखविला गेला. त्या दिवशी आजी पहिल्या रांगेत होत्या. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना सेवेचे धडे देताना एवढे लक्षात ठेवावे की, वृद्धांना काय द्यावे हे ठरविण्यापूर्वी त्यांना काय हवे ते विचारणे हीच सेवेची पहिली पायरी आहे.